तीन हजार आरपीएम आणि माझी अक्कलदाढ



सुरुवातीलाच दोन कबुल्या देऊन टाकते. पहिली म्हणजे माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी बोलतो, पण मराठीत सलग चार पानं लिहायची ही पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घाच्या बऱ्याच चुका संपादक मंडळाने सुधारल्या आहेत. ज्या उरल्या असतील त्या माझ्या. दुसरी कबुली म्हणजे मी मेकॅनिकलची विद्यार्थिनी आहे, डेंटलची नाही. मग दातांवर लेख कशाला? सांगते.

गेल्या महिन्यात आमच्या विंगमधली फर्स्ट इयरची एक मुलगी गाल धरून माझ्या खोलीत आली. तिची अक्कलदाढ काढायची होती. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, की तिच्याच रक्तातून ‘पीआरएफ’ तयार करून जखमेत ठेवता येईल. त्याने जखम भरायला मदत होते, पण त्याचे पैसे वेगळे पडतील. ती म्हणाली, “ताई, तू ते केलं होतंस ना? मी पण करू का? बाबांकडे परत पैसे मागायचे म्हणजे...” वाक्य तिने अर्धंच सोडलं.

“हो, नक्की कर!” हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी थांबले. मला खरंच माहीत होतं का, की त्याचा उपयोग होतो? का फक्त माझं दुखणं बरं झालं म्हणून मी तसं म्हणत होते? त्या एका प्रश्नामुळे पुढचे दोन आठवडे मी लायब्ररीत आणि लॅपटॉपसमोर घालवले. हा लेख म्हणजे त्या अभ्यासाचा सारांश.

डावी बाजू : माझा पराक्रम

सेकंड इयरच्या पावसाळ्यात माझी खालची डावी अक्कलदाढ काढली. ती हाडात आडवी झोपलेली होती. डॉक्टरांनी काढली व्यवस्थित, टाके घातले, सूचनांचा कागद दिला. तो कागद मी बॅगेत ठेवला आणि विसरले. संध्याकाळी तोंडात रक्ताची चव येत होती म्हणून मैत्रिणीने सल्ला दिला, “मिठाच्या पाण्याने खळखळून गुळण्या कर, सगळं साफ होईल.” मी केल्या, चांगल्या पाच-सहा वेळा. जेवता येईना म्हणून दुसऱ्या दिवशी गेटसमोरचा उसाचा रस स्ट्रॉने प्यायले.

तिसऱ्या दिवशी रात्री जे दुखायला लागलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. जबड्यातून कानापर्यंत ठणका. तोंडाला घाण वास. गोळीने तासभरसुद्धा आराम पडेना. सकाळी रेक्टर मॅडमनी स्वतः रिक्षात बसवून मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आरशाने आत बघितलं आणि म्हणाले, “ड्राय सॉकेट.” जिथे रक्ताची गुठळी असायला हवी होती तिथे रिकामा खड्डा होता आणि तळाशी हाड उघडं पडलं होतं. त्यांनी जागा धुऊन लवंगेच्या वासाचं औषध भरलं. हे औषध म्हणजे युजेनॉल, लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. दोन-तीनदा ते बदलावं लागलं. इंटर्नल टेस्ट बुडाली ती वेगळीच.

‘ड्राय सॉकेट’ हे नाव जुनं आहे, १८९६ साली क्रॉफर्ड नावाच्या दंतवैद्याने ते वापरलं. साध्या दाताच्या बाबतीत हा त्रास शंभरात एक ते पाच जणांना होतो असं पुस्तकं सांगतात. खालची अडकलेली अक्कलदाढ काढली तर मात्र हे प्रमाण बरंच वाढतं, काही अभ्यासांत ते ३० टक्क्यांपर्यंत गेलेलं आहे. म्हणजे दोष सगळा गुळण्यांचाच असं म्हणता येत नाही. पण मी माझ्याकडून पुरेपूर मदत केली हे नक्की!

गुठळी म्हणजे कचरा नव्हे

मला तोपर्यंत वाटायचं, की रक्ताची गुठळी म्हणजे बाटलीचं बूच. रक्त थांबलं की तिचं काम संपलं, मग ती निघाली तरी चालेल. इथेच माझी मूळ चूक होती.

पावसाळ्यात हॉस्टेलमध्ये कुणाला डेंग्यू झाला, की सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, “काउंट किती आला?” हा काउंट प्लेटलेट्सचा. मराठीत त्यांना रक्तपट्टिका म्हणतात. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. त्यांचा व्यास २ ते ३ मायक्रॉन, आयुष्य साधारण ७ ते १० दिवस. त्यांना केंद्रक नसतं. अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे हे तुटून आलेले तुकडे.

एवढ्याशा तुकड्याला काय येतं? दोन कामं येतात. पहिलं काम रक्त थांबवण्याचं. १८८२ साली इटलीतल्या तुरीन शहरात जुलिओ बित्सोत्सेरो या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की रक्तवाहिनीला इजा झाली की प्लेटलेट्स तिथे चिकटतात आणि गोठण्याची सुरुवात करतात. मग रक्तद्रवातल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे तयार होतात आणि त्यांची जाळी विणली जाते.

दुसरं काम कळायला आणखी जवळजवळ शंभर वर्षं लागली. १९७४ साली अमेरिकेत रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्लेटलेट्समधून बाहेर पडणाऱ्या एका घटकामुळे पेशी वाढायला लागतात. त्याला पुढे पीडीजीएफ हे नाव मिळालं. आता आपल्याला माहीत आहे, की प्लेटलेट्सच्या आत बारीक पोतड्या असतात आणि त्यांत असे अनेक वाढीचे घटक भरलेले असतात. कुणी दुरुस्ती करणाऱ्या पेशींना बोलावून आणतं, कुणी नवीन रक्तवाहिन्या फुटायला मदत करतं, कुणी कोलॅजन तयार करायला लावतं.

सिव्हिलच्या मित्रांसाठी सोपं करून सांगते. फायब्रिनची जाळी म्हणजे परांची. प्लेटलेट्स म्हणजे मजुरांना बोलावणारा मुकादम, आणि सामानाची पहिली गाडीसुद्धा. या परांचीवर चढूनच नव्या पेशी खड्ड्यात उतरतात. आठवड्याभरात तिथे नाजूक लालसर ऊती तयार होते, पुढच्या काही आठवड्यांत कच्चं हाड, आणि एक्स-रेमध्ये खड्डा भरलेला दिसायला चार-सहा महिने लागतात. मी काय केलं? स्लॅब पडायच्या आधीच पाण्याचा पाइप मारून परांची पाडली!

पीआरपी ते पीआरएफ

आता हुशार माणसाच्या डोक्यात पुढचा प्रश्न येणारच. प्लेटलेट्स जर इतक्या उपयोगी, तर त्या रक्तातून वेगळ्या काढून, जास्त प्रमाणात जखमेत का ठेवू नयेत?

हेच केलं गेलं. १९९८ साली अमेरिकेतल्या रॉबर्ट मार्क्स आणि सहकाऱ्यांनी जबड्याच्या हाडाच्या कलमांमध्ये ‘प्लेटलेट रिच प्लाझ्मा’ म्हणजे पीआरपी वापरल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि दंतवैद्यकात या विषयाला एकदम जोर आला. पण पीआरपीची कृती लांबलचक होती. रक्त गोठू नये म्हणून आधी त्यात सायट्रेट घालायचं. दोनदा फिरवायचं. मग ते जखमेत गोठावं म्हणून कॅल्शियम क्लोराइड आणि गुरांच्या रक्तापासून काढलेलं थ्रॉम्बिन मिसळायचं. म्हणजे आधी गोठू द्यायचं नाही, नंतर मुद्दाम गोठवायचं. शिवाय परक्या थ्रॉम्बिनविरुद्ध शरीराने प्रतिपिंडं तयार केली तर ती क्वचित आपल्याच गोठण्याच्या घटकांवर उलटू शकतात. ही काळजीची बाब होती.

२००१ साली फ्रान्समध्ये जोसेफ शुक्रून आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली. त्यांनी म्हटलं, काहीच मिसळू नका! रक्त काढा, लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवा आणि एकदाच फिरवा. नळीची भिंत लागल्यामुळे रक्त आपोआप गोठायला लागतं, आणि गोठता गोठताच त्याचे थर वेगळे होतात. खाली लाल पेशी, वर पिवळसर पातळ रक्तद्रव आणि मध्ये फायब्रिनचा घट्ट, जेलीसारखा गोळा. त्या गोळ्यात बहुतेक प्लेटलेट्स आणि बऱ्याच पांढऱ्या पेशी अडकलेल्या असतात. हेच ‘प्लेटलेट रिच फायब्रिन’, म्हणजे पीआरएफ.

दोघांमधला फरक फक्त कृतीचा नाही. पीआरपीमधले वाढीचे घटक पहिल्या दिवशीच भराभर बाहेर पडतात. पीआरएफमधली जाळी हळूहळू तयार झालेली असल्यामुळे ते आठवडाभर किंवा त्याहूनही जास्त काळ थोडे थोडे सुटत राहतात. पहिल्या तारखेला आलेला पॉकेटमनी दोन तारखेला संपवणारे आणि महिनाभर पुरवणारे, असा फरक म्हणा हवं तर!

इथे मेकॅनिकलचा संबंध येतो

आता माझा आवडता भाग. फिरवल्यावर थर का पडतात?

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण स्टोक्सचा नियम शिकलो. द्रवात बुडणाऱ्या कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर आणि घनतेतल्या फरकावर अवलंबून असतो. लाल पेशी साडेसात मायक्रॉनच्या आसपास, प्लेटलेट अडीच धरू. व्यास तिप्पट, म्हणजे वर्ग नऊपट. लाल पेशी आणि रक्तद्रव यांच्या घनतेतला फरकही प्लेटलेटच्या दुपटीहून जास्त. म्हणजे ढोबळमानाने लाल पेशी प्लेटलेटपेक्षा वीसपट वेगाने खाली जाते. (पेशी काही गोल गोट्या नसतात, त्यामुळे हा आकडा फक्त अंदाजासाठी.) लाल पेशी तळ गाठतात, प्लेटलेट्स मागे राहतात, आणि तेवढ्यात जाळी विणून झालेली असते. हीच सगळी गंमत.

पण नुसतं ठेवून दिलं तर थर पडायच्या आधी सगळं एकत्र गोठेल. म्हणून गुरुत्वाकर्षण वाढवायचं, म्हणजे नळी गरागरा फिरवायची. किती पट वाढतं याचं सूत्र सोपं आहे. आरपीएमचा वर्ग गुणिले सेंटिमीटरमधली त्रिज्या गुणिले ०.००००१११८. समजा ३००० आरपीएम आणि त्रिज्या ८ सेंटिमीटर. उत्तर येतं सुमारे ८०५ जी. तेच ३००० आरपीएम, पण त्रिज्या ५ सेंटिमीटर असेल तर फक्त ५०३ जी!

इथे थोडं थांबा. म्हणजे दोन दवाखान्यांत दोन वेगवेगळ्या आकाराची मशीन असतील आणि दोघंही अभिमानाने “आम्ही ३००० वर फिरवतो” म्हणत असतील, तरी दोघांच्या नळीतल्या रक्ताने वेगवेगळा जोर सोसलेला असतो. तयार होणारा गोळाही मग सारखा असेलच असं नाही. आश्चर्य म्हणजे या विषयावरच्या अनेक शोधनिबंधांत फक्त आरपीएम आणि मिनिटं लिहिलेली असतात, त्रिज्या नसतेच. आपल्या लॅबच्या जर्नलमध्ये असं लिहिलं असतं तर सरांनी लाल पेनाने गोल केला असता.

जास्त जोर म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. २०१४ साली फ्रँकफर्टच्या शाहराम घनाती आणि सहकाऱ्यांनी २७०० आरपीएमवर १२ मिनिटं फिरवलेला पीआरएफ आणि १५०० आरपीएमवर १४ मिनिटं फिरवलेला पीआरएफ यांची तुलना केली. वेग असा कमी केला की जोर एक तृतीयांशाहूनही कमी होतो, कारण सूत्रात आरपीएमचा वर्ग आहे. त्या गोळ्यात पेशी एका टोकाला गोळा न होता जास्त पसरलेल्या दिसल्या. तेव्हापासून कमी वेगाच्या पद्धतींवर बरंच काम झालं.

आणि बॅलन्सिंग! डीओएमच्या प्रॅक्टिकलला आपण कंटाळतो, पण हिशेब करून बघा. समोरासमोरच्या नळ्यांमध्ये १० ग्रॅमचा फरक असेल तर ८०५ जी ला तो ८ किलोसारखा ओढतो, तोही सेकंदाला ५० वेळा दिशा बदलत. मशीन थरथरतं आणि आत तयार होणाऱ्या जाळीवरही त्याचा परिणाम होतो. म्हणून रक्ताची एकच नळी असेल तर समोर तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी ठेवतात.

उजवी बाजू

सहा महिन्यांनी उजवी अक्कलदाढ काढायची वेळ आली. डावीकडच्या अनुभवामुळे आई इतकी घाबरली होती, की डॉक्टर मॅडमनी पीआरएफचा पर्याय सांगताच ती म्हणाली, “किती का पैसे लागेनात, करून टाका.” त्याचा खर्च माझ्या महिन्याच्या मेस बिलापेक्षा जास्त होता. मला वाईट वाटलं, पण नको म्हणायची हिंमत झाली नाही.

मी मेकॅनिकलची आहे कळल्यावर मॅडमनी मला मशीन बघू दिलं. दंडातून १० मिलिलिटरच्या दोन नळ्या भरून रक्त घेतलं. रक्तदानात आपण ३५० मिलिलिटर देतो, त्यामानाने हे काहीच नाही. सिस्टर त्या नळ्या घेऊन अक्षरशः धावल्या. मी विचारलं, एवढी घाई का? मॅडम म्हणाल्या, “यात गोठू न देणारं काहीच नाही. दोन मिनिटं गप्पा मारत बसलो तर मशीनबाहेरच गोठेल.” नळी काचेची, किंवा आतून सिलिकाचा लेप असलेली प्लास्टिकची लागते, साध्या गुळगुळीत प्लास्टिकमध्ये गोठणं नीट सुरू होत नाही.

दहा मिनिटांनी चिमट्याने जो गोळा बाहेर आला तो पिवळसर, चकचकीत, थोडासा खरवसासारखा दिसत होता. खालच्या टोकाला मॅडमनी मुद्दाम थोडा लाल भाग ठेवून कापलं, कारण लाल आणि पिवळ्याच्या सीमेवरच सगळ्यात जास्त प्लेटलेट्स असतात. एक गोळा तसाच, आणि दुसरा जाळीच्या डबीत हलका दाबून पातळ पापुद्र्यासारखा करून ठेवला. दाढ काढल्यावर गोळा खड्ड्यात, वर तो पापुद्रा, मग टाके. बस. माझंच रक्त, वीस मिनिटांत, माझ्याच जबड्यात.

या वेळी तिसऱ्या दिवशी मी लेक्चरला बसले होते. दुखत होतं, पण कानापर्यंतचा ठणका नव्हता. सातव्या दिवशी टाके काढले, जखम छान मिटत होती.

झालं सिद्ध?

आता त्या ज्युनियरचा प्रश्न. डावीकडे पीआरएफ नाही, ड्राय सॉकेट. उजवीकडे पीआरएफ, सगळं ठीक. सिद्ध झालं ना?

मी वही घेऊन बसले आणि दोन्ही वेळच्या फरकांची यादी केली. एक, पीआरएफ. दोन, या वेळी मी पहिले २४ तास गुळण्या केल्या नाहीत. तीन, स्ट्रॉ नाही, थुंकणं नाही. चार, मॅडमनी दाढ काढण्याआधी आणि दुसऱ्या दिवसापासून क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश वापरायला दिला होता. पाच, उजवी दाढ जवळजवळ सरळ होती, डावीसारखी आडवी नव्हती, त्यामुळे हाड फारसं कापावं लागलं नाही. म्हणजे एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या आणि श्रेय मी एकटीलाच, सगळ्यात महागडीला, देत होते!

खरे संशोधक हे टाळण्यासाठी एकाच माणसाच्या दोन्ही बाजूंच्या सारख्या दाढा निवडतात, एकीकडे पीआरएफ ठेवतात, दुसरीकडे नाही, आणि कुठल्या बाजूला काय हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतात. अशा अभ्यासांचा एकत्रित विचार करणारे बरेच लेख आले आहेत. त्यांतून साधारण असं दिसतं, की अक्कलदाढेनंतर पीआरएफमुळे दुखणं आणि ड्राय सॉकेटचं प्रमाण कमी होण्याची शक्यता आहे. पण हाड लवकर भरतं का, याचं उत्तर तितकंसं स्पष्ट नाही. शिवाय बरेचसे अभ्यास लहान आहेत आणि प्रत्येकाची फिरवण्याची पद्धत वेगळी. वरच्या त्रिज्येच्या गोंधळावरून हे का होतं ते लक्षात आलंच असेल.

कॉक्रेन ही संस्था जगभरातल्या चाचण्या एकत्र करून त्यांची काटेकोर तपासणी करते. हिरड्यांच्या आजारात दातालगतचं हाड खोल झिजतं, तिथे प्लेटलेटचा अर्क वापरण्यावर त्यांचा २०१८ सालचा आढावा आहे. साध्या शस्त्रक्रियेसोबत किंवा हाडाच्या पावडरीसोबत वापरला तर थोडा फायदा दिसतो, पण पुराव्याचा दर्जा फार कमी, असं त्यांचं म्हणणं. आधीच दुसरी प्रभावी पुनर्निर्मितीची पद्धत वापरली असेल तर जास्तीचा फायदा दिसला नाही.

आणि ड्राय सॉकेटवरचा २०२२ चा कॉक्रेन आढावा वाचून तर मी कपाळाला हात लावला. ड्राय सॉकेट टाळण्यासाठी ज्याला त्यातल्या त्यात चांगला पुरावा मिळाला, ती गोष्ट म्हणजे क्लोरहेक्सिडिन! दाढ काढण्याच्या आधी आणि नंतर वापरायचा साधा माउथवॉश, किंवा खड्ड्यात ठेवायचं त्याचं जेल. माझ्या यादीतला चौथा नंबर, मेडिकलमध्ये स्वस्तात मिळणारा. (क्वचित कुणाला त्याची अॅलर्जी असते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच.)

याचा अर्थ पीआरएफ म्हणजे फसवणूक, असा अजिबात नाही. ते आपल्याच रक्ताचं असतं, त्यात परकं काही नाही, आणि त्यामागचं शास्त्र पक्कं आहे. पुढे इम्प्लांट बसवायचं असेल, मोठा खड्डा असेल, सायनसखाली हाड वाढवायचं असेल, तिथे तज्ज्ञ त्याचा विचार करतात. फक्त ते जादू नाही. शरीर जी गुठळी फुकटात बनवतं, तिचीच ती थोडी जास्त नीटनेटकी आवृत्ती. आणि फुकटातली गुठळी जो सांभाळत नाही, त्याला विकतची तरी किती पुरणार?

हॉस्टेलच्या नोटीस बोर्डासाठी

दात काढल्यानंतर काय करायचं, ते इथे लिहून ठेवते. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका.

१. कापसाचा किंवा गॉजचा बोळा सांगितलेला वेळ घट्ट दाबून धरा. दर पाच मिनिटांनी काढून “थांबलं का” बघू नका.

२. पहिले २४ तास गुळण्या नाहीत, जोरात थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही. तोंडात ओढ निर्माण करणारी प्रत्येक गोष्ट गुठळी उपटू शकते.

३. सिगरेट, तंबाखू, गुटखा बंद. धुरामुळे आणि ओढण्यामुळे, दोन्ही बाजूंनी नुकसान. (बॉइज हॉस्टेलने हे दोनदा वाचावं.)

४. खाणं मऊ आणि कोमट किंवा गार. दहीभात, खिचडी, केळं. मेसच्या मावशींना सांगितलं तर त्या वेगळं काढून ठेवतात, माझा अनुभव आहे.

५. २४ तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार चूळ भरा. मीठ वाईट नाही, घाई वाईट.

६. दुखणं रोज कमी व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते उलट वाढलं, कानाकडे गेलं, तोंडाला वास आला, तर नेटवर शोधत बसू नका. डॉक्टरांकडे जा.

७. नुकताच डेंग्यू होऊन गेला असेल, मधुमेह असेल, किंवा घरच्या वडीलधाऱ्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर दात काढायच्या आधीच सांगा. गोळी स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका.

शेवटी

त्या ज्युनियरला मी हे सगळं सांगितलं, अगदी वहीतली यादीसुद्धा दाखवली. म्हटलं, “तुझी दाढ सरळ आहे, तब्येत चांगली आहे. डॉक्टरांनाच स्पष्ट विचार, माझ्या केसमध्ये हे गरजेचं आहे का? आणि पैशांची अडचण आहे हेही सांग. त्यात लाजायचं काय?” तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, “तुझ्या दाढेला नाही केलं तरी चालेल.” दाढ निघाली. तिच्या रूममेटने तीन दिवस तिच्यावर पहारा ठेवला आणि उसाच्या रसाच्या गाड्याकडे फिरकू दिलं नाही. आठवड्यात ती बरी झाली.

आता तुम्ही म्हणाल, बघा, पीआरएफशिवायही जमतं हे सिद्ध झालं! नाही हो, तेही सिद्ध झालं नाही. तीही एकच केस आहे. माझ्या दोन दाढा आणि तिची एक, अशा तीन रीडिंगवर कुणी ग्राफ काढत नाही. पण विचारल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत आणि सूचनांचा कागद बॅगेत टाकून विसरायचा नाही, एवढं मात्र आमची विंग आता शिकली आहे.

अक्कलदाढ आल्याने अक्कल येते की नाही माहीत नाही. माझी तरी, दोन्ही काढल्यावर आली!